पडदा बदलला तरी पीक तेच



वणी तालुक्यातील राजूरचे नाव कोळसा व चुन्यासाठी घेतले जाते. परंतु भोवतालच्या शिवारात कपाशी, तूर व सोयाबीन हीच मुख्य पिके आहेत. या पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबारावर पीक नोंदविण्याचे काम शेतकऱ्याच्या मोबाईलवर आले.

त्यानंतर ॲपच्या नव्या आवृत्त्या आल्या. एका हंगामात हात बसतो, तोच पुढच्या हंगामात पडदा वेगळा दिसतो. मग "पोरगा आला की करू" म्हणून काम मागे पडते. हा अडाणीपणा नव्हे. बसलेली सवय मोडणे कोणालाही जड जाते. परंतु नोंद राहिल्यास तोटा आपलाच होतो. खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीन उत्पादकांसाठी हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरपर्यंत, अर्थसाहाय्य जाहीर झाले, तेव्हा आधी ई-पीक पाहणीतील नोंदच धरली गेली. सातबारावर नोंद असलेल्या इतरांचा समावेश नंतर झाला.

तिफण जाऊन ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र आले, तरी बियाण्याची खोली व ओळीतील अंतर तेच राहिले. येथेही तसेच आहे. बटणांची जागा बदलते, विचारली जाणारी माहिती फारशी बदलत नाही. म्हणून बटणे पाठ करू नयेत, माहिती तयार ठेवावी.

१. गट क्रमांक, खाते क्रमांक, पिकाचे क्षेत्र, लागवडीची तारीख व सिंचनाचे साधन वहीत लिहून ठेवावे.
२. कपाशीत तुरीच्या ओळी असल्यास मिश्र पीक नोंदवावे व दोन्हींचे क्षेत्र आधीच काढून ठेवावे.
३. नेटवर्क असलेल्या ठिकाणी ॲप अद्ययावत करून मगच शेतात जावे. फोटो पिकात उभे राहूनच काढावा.
४. मुलाने नोंद केली तरी शेजारी बसून पाहावे. पुढच्या वेळी मोबाईल स्वतःच्या हातात घ्यावा.
५. नोंद झाल्यावर ती ॲपमध्ये पुन्हा तपासावी. अडचण आल्यास मुदतीच्या आत तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, भेटावे.

२०२५-२६ च्या हंगामात हमीभावाच्या कापूस खरेदीसाठीही 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. पडदे यापुढेही बदलतील. वही भरलेली असेल, तर नवा पडदा अडवणार नाही.