स्वस्त बोर्ड मुका का?

दोस्तांनो, कुरिअरने पारोळ्याला मागवलेला स्वस्त ‘उनो’ बोर्ड जोडलात, दिवा लागला, पण कॉम्प्युटर त्याला ओळखेचना? ‘पैसे बुडाले!’ म्हणून तो फेकू नका बरं!

इटलीत २००५ साली जन्मलेल्या आर्डुइनोने आपला आराखडा सर्वांना खुला ठेवला. म्हणून तसा बोर्ड बनवणं ही चोरी नव्हे. त्यावर आर्डुइनोचं नाव छापणं मात्र लबाडीच!

स्वस्त बोर्डात यूएसबीसाठी बहुधा सीएच-३४० ही वेगळी चिप असते. तिचा ड्रायव्हर टाका. नुसती चार्जिंगची केबल चालत नाही, डेटाची घ्या. पोर्ट निवडा आणि ‘ब्लिंक’ प्रोग्रॅम चढवा.

१३ नंबरचा दिवा लुकलुकला? शाब्बास! आता प्रोग्रॅममधल्या दोन्ही १००० च्या जागी २०० लिहा. काय होतं, ते आई-बाबांनाही दाखवा!