एका डोळ्यापुरता त्रिकोण

मोबाईलवर फोटो येतो. खेळण्यातल्या रंगीत ब्लॉकचा त्रिकोण, तिन्ही भुजा एकमेकींना काटकोनात आणि तरीही तिन्ही टोकं जुळलेली. तीन काटकोनांचे 270 अंश होतात आणि शाळेत तर त्रिकोणाचे 180 शिकवले होते. त्यामुळे केज तालुक्यातल्या आमच्या नांदूरघाटात असा फोटो फिरला की निकाल लगेच लागतो: 'एडिट केलंय.' हल्ली त्यात 'एआयचं असेल' ही भर पडली आहे.

असेलही. पण असा फोटो एडिटिंगशिवाय काढता येतो, अगदी साध्या मोबाईलने. फोटोतली वस्तू त्रिकोण नसतेच. ती तीन काटकोनी दांड्यांची उघडी मांडणी असते. एक दांडी जमिनीवर आडवी, तिच्या टोकाला काटकोनात दुसरी आडवी, आणि दुसरीच्या टोकावर उभा खांब. खांबाचं वरचं टोक आणि पहिल्या दांडीचं मोकळं टोक यांच्यात भरपूर हवा असते. फक्त एका विशिष्ट दिशेने पाहिलं तर ही दोन टोकं एकाच रेषेत येतात आणि चिकटल्यासारखी दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात 1999 साली असं मोठं शिल्पच उभारलं गेलं. बाजूने गेलं की ते तुटकं दिसतं, ठरावीक जागी उभं राहिलं की जुळतं.

'डोळे फसतात' असं आपण सरसकट म्हणतो. डोळा बिचारा बरोबर काम करतो; समोरून आलेल्या प्रकाशाचं सपाट चित्र तो इमानदारीने पोचवतो. त्या चित्रावरून 'समोर काय असेल' हे मेंदू ठरवतो आणि टेकलेली दिसणारी टोकं जोडलेलीच असणार असं धरून चालतो. एरवी हा अंदाज बरोबर येतो, म्हणून तो सवयीचा झाला आहे. दुसरा डोळा मात्र घोळ घालतो. दोन डोळ्यांत सहाएक सेंटिमीटरचं अंतर असल्याने जवळून पाहताना खोली कळते आणि जादू उतरते. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, म्हणून फोटोत हे इतकं बेमालूम जमतं.

आता करून बघणाऱ्यांसाठी. लोक सरळ 12 ब्लॉक आडवे मोजतात, 12 उंच रचतात आणि टोकं का जुळत नाहीत म्हणून वैतागतात. ब्लॉक घनाकृती नसतो. लेगोच्या मापाच्या ब्लॉकवर शेजारच्या दोन गुंड्यांच्या मध्यांत 8 मिलिमीटरचं अंतर असतं, तर ब्लॉकची उंची 9.6 मिलिमीटर. म्हणजे उंचीतले 5 ब्लॉक आडव्या 6 गुंड्यांबरोबर. आडव्या दांडीचं एका कोपऱ्याच्या मध्यापासून दुसऱ्या कोपऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर 12 गुंड्या, म्हणजे 96 मिलिमीटर ठेवलं, तर खांबाचं वरचं टोक 10 ब्लॉक उंच चढवायचं. जाडीचंही तसंच. दोन गुंड्यांची रुंदी 16 मिलिमीटर, तेवढीच उंची एका ब्लॉकवर दोन पातळ पट्ट्या बसवून मिळते, कारण पातळ पट्टी 3.2 मिलिमीटरची असते.

मग जागा. तिन्ही दांड्यांशी सारखाच कोन होईल अशा दिशेने बघायचं. ती दिशा जमिनीपासून साधारण 35 अंश वर येते. इथे आपली जुनी घरं कामाला येतात. माळवदावर, नाहीतर स्लॅबवर उभं राहिलं की हातातला मोबाईल जमिनीपासून साधारण 4 मीटर उंच जातो. त्याच्या खालच्या जागेपासून सुमारे 5.7 मीटरवर अंगणात मांडणी ठेवायची आणि झूम करायचं. लांबून फोटो घेण्याचं कारण असं की दोन टोकांत प्रत्यक्षात साडेसोळा सेंटिमीटरचं अंतर आहे. मीटरभरावरून काढलं तर जवळचं टोक डोळ्यांत भरण्याइतकं मोठं दिसतं. माळवदावरून हा फरक दोन-तीन टक्क्यांवर येतो.

तरीही सांधा खटकला, तर खांबाच्या वरच्या टोकाकडे बघा. ते जवळ असल्याने मागच्या दांडीवर चढून बसतं. उतरत्या छपराचे तिरके ब्लॉक वापरून त्या टोकाला काप द्यावा लागतो. गुंड्यांवर गुळगुळीत पट्ट्या बसवल्या तर आणखी बरं, कारण वर कोणती बाजू आहे हे गुंड्या लगेच सांगतात. आणि ऊन टाळा. आमच्याकडच्या उन्हात खांबाची सावली बरोबर तिथे पडते जिथे पडायला नको. आभाळ भरून आलेला दिवस याला सर्वांत चांगला.

'हे महागड्या लेगोशिवाय जमत नाही' हाही एक समज. डेन्मार्कच्या या कंपनीने आजच्या ब्लॉकच्या पेटंटसाठी 28 जानेवारी 1958 रोजी अर्ज केला, आणि ते पेटंट संपून जमाना झाला. मग ब्लॉकचा आकारच ट्रेडमार्क म्हणून राखण्याचा प्रयत्न झाला. युरोपच्या न्यायालयाने 2010 मध्ये तो मान्य केला नाही. त्यामुळे त्या मापाचे दुसऱ्या कंपनीचे ब्लॉक म्हणजे 'डुप्लिकेट माल' नव्हे; नाव आणि चिन्ह चोरलं तर गोष्ट वेगळी. बाजारातल्या बरणीतले ब्लॉक चालतात. एकाच दांडीत दोन बरण्या मिसळू नका, मापातला बारीक फरक साचत जातो.

अशा चित्रांचा विषय निघाला की डच चित्रकार एशरचं नाव येतंच, आणि सोबत दोन चुकाही येतात. पहिली, हा त्रिकोण त्याने शोधला. स्वीडनचा ऑस्कर रॉयटर्सवॉर्ड 1934 मध्ये विद्यार्थी असताना वहीत रेघोट्या मारत होता, त्यातून तो निघाला. आणि गंमत म्हणजे तो नऊ घनांचाच होता. पुढे लायोनेल पेनरोझ आणि त्यांचा मुलगा रॉजर यांनी 1958 मध्ये तो स्वतंत्रपणे मांडला. हेच रॉजर पेनरोझ, ज्यांना कृष्णविवरांवरच्या कामासाठी 2020 चं नोबेल मिळालं. त्यांचा लेख एशरपर्यंत पोचला आणि त्यातून 1960 चा न संपणारा जिना आणि 1961 चा धबधबा आला. एशर स्वतः शाळेत गणितात कच्चा होता.

दुसरी चूक, एशरच्या सगळ्या इमारती अशक्य आहेत. त्याचं 1953 चं 'रिलेटिव्हिटी' घ्या. जिने तीन दिशांना, माणसं तीन दिशांना, पण बांधकामात कुठेही विसंगती नाही. अँड्र्यू लिप्सन आणि डॅनियल श्यू या दोघांनी ते लेगोत उभं केलं, तसंच 'बेल्व्हेडेर' आणि तो जिनाही. 'रिलेटिव्हिटी'त अडचण फक्त माणसांची, आणि लेगोची माणसं गुंड्यांना धरून आडवीही राहतात. 'बेल्व्हेडेर' मात्र खरोखर अशक्य आहे: त्यातले खांब खाली एका बाजूला आणि वर दुसऱ्या बाजूला जातात. तिथे पुन्हा एकाच जागेवरून बघण्याचा उपाय.

'ही कला बाहेरची' म्हणणाऱ्यांनी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात जावं. तिथे एका खांबावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत डोकं एकच. ज्या धडाकडे बघावं, त्याचंच ते वाटतं. ही जात मात्र वेगळी. त्रिकोण जागा बदलली की तुटतो. हरणांचं डोकं कुठूनही पाहिलं तरी चौघांचंच राहतं.

विज्ञान प्रदर्शनात त्रिकोण मांडायचा असेल तर माळवद नेता येत नाही. मग छोटा करा: आडव्या दांड्या 6 गुंड्यांच्या, खांब 5 ब्लॉक उंच. टोकांमधलं अंतर सव्वाआठ सेंटिमीटर होतं. मांडणी जमिनीवर, आणि दोन मीटरवर, त्याच 35 अंशांच्या रेषेत, भोक पाडलेला पुठ्ठा पक्का उभा करायचा. फरक चार टक्क्यांवर येतो, भोकातून एक डोळा लावून बघणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही. एका वेळी एकालाच बघता येतं, तेव्हा रांगेची सोय आधी करून ठेवा.