भ्रम, भास आणि छिन्नमनस्कता

भाईंदर स्थानकाचा पूर्वेकडील जिना उतरतांना जटा वाढलेला, चिंध्या पांघरलेला, स्वतःशींच पुटपुटणारा मनुष्य आपल्यापैकीं कोणीं पाहिला नाहीं? मोठीं माणसें अंग चोरून पुढें जातात. मुलें 'वेडा, वेडा' म्हणून चिडवितात, आणि कोणी खडाहि मारतो, हें मीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. हा मनुष्य पूर्वीं कोण होता, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणास सुचतो. बोरिवली हें आपल्याच लोहमार्गावरील स्थानक. तेथें दवाखाना चालविणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवाणी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनीं अशाच एका कृश तरुणास नारळाच्या करवंटीनें गटाराचें पाणी पितांना पाहिलें व त्यास आपल्या दवाखान्यांत नेलें. औषधानें तो शुद्धीवर आल्यावर कळलें कीं, तो आंध्रांतील एका सुशिक्षित घरचा विज्ञानाचा पदवीधर होता! या अनुभवांतून त्या दांपत्यानें १९८८ सालीं 'श्रद्धा' ही पुनर्वसनसंस्था काढली. पुढें तिचें मोठें केंद्र कर्जत तालुक्यांत झालें, सहस्रावधि रुग्ण तेथून आपापल्या घरीं परतले, आणि २०१८ सालीं डॉक्टरांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

रस्त्यावर भटकणाऱ्या अशा रुग्णांपैकीं पुष्कळांस जो रोग असतो, त्यास छिन्नमनस्कता म्हणतात. एका देहांत दोन निराळीं माणसें नांदतात, अशी याविषयीं चित्रपटांनीं पसरविलेली समजूत सर्वस्वीं चुकीची आहे. १९०८ सालीं ब्लॉयलर या स्विस वैद्यानें 'दुभंगणें' व 'मन' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून 'स्किझोफ्रेनिया' हें नांव दिलें. विचार, भावना आणि वर्तन यांची जी एकमेकांशीं सांगड असते ती या रोगांत तुटते, एवढाच त्याचा आशय. शंभरांत सुमारें एकास, किंबहुना त्याहूनहि थोड्या लोकांस, हा रोग आयुष्यांत केव्हां तरी जडतो. आणि बहुधा तो सोळा-सतरापासून तिशीच्या आंत सुरू होतो. म्हणजे शाळा सोडून आम्ही बाहेरच्या जगांत पाऊल टाकतों, नेमक्या त्याच काळांत.

आमच्या चाळींत एक तरुण राहतो. त्याचें नांव मी देत नाहीं. त्याच्या आईच्या अनुमतीनें हें लिहीत आहें. मी सहावींत असतांना तो पूर्वेकडील औद्योगिक वसाहतींत, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्याच्या गाळ्यांत कामास होता. प्रथम त्यानें रविवारचें क्रिकेट सोडलें. मग बोलणें कमी झालें, स्नानाचा कंटाळा येऊं लागला, तासन् तास भिंतीकडे पाहत बसणें सुरू झालें. 'आळशी झाला आहे,' असें सर्व म्हणाले, मीहि म्हणालों. वस्तुतः रोगाचें पाऊल पुष्कळदां असेंच न वाजतां पडतें. कांहीं महिन्यांनीं तो सांगूं लागला कीं, गाळ्यांतील सोबती खोकून एकमेकांस खूण करतात, आणि गाडींत पुढील स्थानकाचें नांव सांगणारी बाई आपल्यालाच इशारा देत आहे. नंतर दोन पुरुषांचे आवाज ऐकूं येऊं लागले: 'आतां तो उठला, आतां तो चपला घालतो.' अखेर घरच्या अन्नांत विष आहे म्हणून तो स्वतः सोललेल्या केळ्यांवाचून कांहीं खाईना.

यांत आवाज ऐकूं येणें हा भास. खोकल्याची खूण व अन्नांतील विष हे भ्रम. बाहेर कांहीं नसतां इंद्रियांस जाणवतें तो भास, आणि कितीहि पुरावा दिला तरी न हालणारी खोटी खात्री तो भ्रम. परंतु येथें एक विवेक राखला पाहिजे. आमची आजी दृष्ट काढते. ती समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली, चारचौघांची आहे. तेवढ्यावरून आजी रुग्ण ठरत नाहीं. भ्रम हा त्या मनुष्याचा एकट्याचा असतो, आणि तोच त्यास चारचौघांपासून तोडतो.

वादानें भ्रम जात नाहीं. त्या तरुणाच्या वडिलांनीं त्याच्या ताटांतील घास त्याच्यासमोर खाऊन दाखविला. तो म्हणाला, 'तुम्ही अगोदरच उतारा घेतला आहे, बाबा.' पाहा, तर्क शाबूत आहे. ढळला आहे तो त्याचा पाया. मेंदूंतील पेशी रासायनिक द्रव्यांच्या द्वारें एकमेकींस निरोप देतात. त्यांतील डोपामिन या द्रव्याचें एक काम म्हणजे 'हें महत्त्वाचें आहे, इकडे लक्ष दे' असें सुचविणें. या रोगांत मेंदूच्या कांहीं भागांत तें अवेळीं व अधिक स्रवतें, असें शास्त्रज्ञ मानतात. मग साधा खोकलाहि अर्थानें भरलेला वाटतो आणि मन त्या अर्थाचें स्पष्टीकरण शोधूं लागतें. आवाजांचेंहि तसेंच: ते येत असतांना मेंदूचीं चित्रें घेतलीं, तर बोलण्या-ऐकण्याचे भाग खरोखरच कार्य करतांना दिसतात. तेव्हां रुग्ण ढोंग करीत नाहीं. त्याला ऐकूं येतें तें त्याच्यापुरतें खरेंच असतें. आनुवंशिकतेचा यांत मोठा वांटा आहे. गांजाच्या व्यसनानेंहि, विशेषतः कोंवळ्या वयांत, धोका वाढतो. आईच्या संगोपनांतील चूक हें कारण पूर्वीं सांगत, तें टिकलें नाहीं. त्या आरोपानें किती माता व्यर्थ पोळल्या असतील!

ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें. त्या काळीं जगांत कोठेंच या रोगावर खरें औषध नव्हतें; कोंडून सांभाळणें एवढेंच होतें. १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमॅझिनचा उपयोग झाला आणि चित्र पालटूं लागलें. भ्रम व भास आज औषधांनीं बव्हंशीं आटोक्यांत येतात. निरुत्साह आणि एकलकोंडेपणा मात्र चिवट असतात. औषधांनीं सुस्ती येते, वजन वाढतें, कधीं हात कांपतात. म्हणून रुग्ण तीं सोडूं पाहतो आणि रोग उलटतो. भारताच्या २०१७ च्या कायद्यानें मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे, आणि १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. शेजारच्या काकूंस हें ठाऊक नव्हतें. भगताकडे त्यांचे आठ महिने गेले, हातांतील बांगड्या गेल्या. त्यांस मी हंसत नाहीं. आम्हां शेजाऱ्यांपैकीं कोणींच त्यांस दुसरी वाट दाखविली नव्हती.

असे रुग्ण हिंसक असतात, ही भीति बहुतांशीं निराधार आहे. त्यांनीं मारण्यापेक्षां त्यांनाच मार बसण्याचा संभव अधिक. मग त्यांच्याशीं बोलावें कसें? 'हें सारें खोटें आहे' म्हटलें कीं विश्वास तुटतो. 'होय, विष आहे' म्हटलें कीं भ्रम पोसला जातो. काकूंस डॉक्टरांनीं शिकविलें कीं विषाविषयीं वाद घालूं नका, भीतीविषयीं बोला. त्या म्हणूं लागल्या, 'मला तसें दिसत नाहीं रे; पण तूं घाबरला आहेस, हें मला कळतें. मी येथेंच बसतें.'

उपचारास आतां तीन वर्षें होत आलीं. तो पुन्हां गाळ्यांत जातो, पूर्वींपेक्षां थोडे तास. आवाज पुरते गेलेले नाहींत. कधीं संध्याकाळीं जेवतां जेवतां तो थांबतो आणि विचारतो, 'आई, आतां कोणी बोललें का, कीं मलाच ऐकूं आलें?' काकू क्षणभर कान देतात, 'तुलाच रे,' म्हणतात, आणि तो पुढचा घास घेतो.