मोटार खरंच चालू झाली का?

शेतातली मोटार मोबाइलवरून चालू-बंद करायची, एवढंच आमच्या सॉफ्टवेअरचं काम. पडद्यावर दिसणारा भाग सोपाच आहे: एक हिरवं बटण, एक लाल बटण, खाली आज मोटार किती तास चालली त्याचा आकडा. पण बटण दाबलं जातं नाशिकमध्ये, किंवा शिकायला गेलेल्या मुलाच्या पुण्यातल्या खोलीत. आणि मोटार असते दिंडोरी-निफाडकडच्या एखाद्या विहिरीवर. मध्ये मोबाइलचं नेटवर्क, सर्व्हर, शेताजवळचा टॉवर, पत्र्याच्या पेटीतलं कार्ड, रिले, स्टार्टरमधला काँटॅक्टर, केबल आणि महावितरणची लाईट. यातली कुठलीही एक गोष्ट अडली तरी पडद्यावरचं बटण हिरवं दिसू शकतं. माझा बहुतेक वेळ तो हिरवा रंग खरा ठेवण्यात जातो.

हे काम मला मोलाचं वाटतं ते रात्रीच्या लाईटमुळे. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज साधारण ८ तास मिळते, तीही चक्राकार पद्धतीनं: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की माणूस बॅटरी घेऊन अंधारात बांधावरून निघतो. गवत माजलेलं असतं, साप असतात, गोदाकाठच्या उसात बिबटे असतात. विहिरीवर पोचून स्टार्टरचं बटण दाबावं तर एक फेज गेलेला असतो. मग परत घर, तासाभरानं पुन्हा तीच वाट. ही फेरी वाचावी म्हणून पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ बनवलं, तेही साध्या कीपॅडच्या मोबाइलवरून चालणारं. स्मार्टफोन हातात येण्याआधी हा प्रश्न इथल्याच माणसांनी ओळखला होता, आणि आम्ही सगळे त्यानंतरचे आहोत.

आमच्या टेबलावर प्लायवूडच्या फळीवर एक खराखुरा स्टार्टर ठोकलेला आहे. नव्यानं कामाला लागलेल्या मुलांना मी आधी तो उघडायला लावतो. कॉलेजातून आलेला हुशार मुलगा अ‍ॅपचा पडदा सुंदर करतो, पण काँटॅक्टरची कॉइल खेचली जाताना होणारा ‘खट्ट’ आवाज त्यानं ऐकलेला नसतो. तो ऐकल्यावर त्याला कळतं की कार्डावरचा रिले लागला म्हणजे काँटॅक्टर ओढला गेला असं नाही, काँटॅक्टर ओढला गेला म्हणजे मोटार फिरली असं नाही, आणि मोटार फिरली म्हणजे पाणी आलं असंही नाही. या प्रत्येक टप्प्याचा पुरावा वेगळा मागावा लागतो.

पुरावा देतो तो विजेचा प्रवाह. ५ एचपीची थ्री फेज मोटार भारावर असताना साधारण साडेसात अँपिअर घेते. चालू होताना पहिले काही क्षण त्याच्या पाच-सहा पट घेते, म्हणून तेवढा वेळ आकड्याकडे दुर्लक्ष करायचं. विहिरीतलं पाणी तळाला गेलं की पंपावरचा भार उतरतो आणि प्रवाह खाली येतो. मोटार कोरडी चालते आहे हे त्यावरून ओळखता येतं. पण किती खाली? गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तसा प्रवाहही बदलतो. मोटार जुनी असेल, रिवाइंड केलेली असेल, तर तिचा आकडा वेगळाच. म्हणून सगळ्यांना एकच मर्यादा लावून चालत नाही. पेटी बसवली त्या दिवशी मोटार काही वेळ नीट पाण्यावर चालवायची, आणि त्या मोटारीचा त्या विहिरीवरचा आकडा नोंदवून ठेवायचा. पुढचे सगळे निर्णय त्याच्याशी ताडून घ्यायचे. पडद्यावर ‘चालू’ हा शब्द आम्ही प्रवाह दिसल्यावरच उमटू देतो. तोवर तिथं ‘निरोप दिला’, मग ‘पेटीला मिळाला’ एवढंच येतं. पहिल्यांदा वापरणाऱ्याला हे सावकाश वाटतं. पण अर्ध्या क्षणात हिरवं होणारं आणि कधीकधी खोटं बोलणारं बटण कुणाला हवंय?

पेटी आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं एमक्यूटीटी नावाच्या पद्धतीनं चालतं. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क (आयबीएम) आणि आर्लेन निपर यांनी ती तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केली होती. संपर्क महाग, अपुरा आणि मध्येच तुटणारा असणार हे त्यांनी मुळातच धरलं होतं, म्हणून ती आमच्या टू-जीवरच्या विहिरींना इतकी मानवते. तिच्यात एक सोय मला फार आवडते. पेटी जोडली जाताना सर्व्हरकडे एक निरोप आधीच ठेवून देते: मी अचानक गप्प झाले तर हा सगळ्यांना सांग. ठरलेल्या वेळेच्या दीडपट काळ पेटीचा आवाज आला नाही की सर्व्हर तिच्या वतीनं ‘संपर्क तुटला’ असं कळवतो. तेव्हा पडद्यावरचं बटण करडं होतं, आणि मोटारीची शेवटची खात्रीची स्थिती कधीची आहे ती वेळ त्याखाली दिसते.

पण याच पद्धतीत खड्डेही आहेत. निरोप नक्की पोचावा असं ठरवलं तर तो कधीकधी दोनदा पोचतो. म्हणून ‘आहे त्याच्या उलट कर’ असा हुकूम आम्ही कधीच पाठवत नाही. दोनदा पोचला तर मोटार चालू होऊन लगेच बंद. हुकूम नेहमी ‘चालू कर’ किंवा ‘बंद कर’ असा पूर्ण हवा, म्हणजे दहादा पोचला तरी बिघडत नाही. त्याहून घातक म्हणजे उशिरा पोचलेला हुकूम. टॉवर गेला, माणसानं कंटाळून नाद सोडला, आणि पाऊण तासानं रेंज आल्यावर तो जुना निरोप पेटीत उतरला, तर कुणाच्या ध्यानीमनी नसताना मोटार सुरू होईल. त्यामुळे प्रत्येक हुकमाला मुदत असते. मुदत टळलेला हुकूम पेटी फेकून देते आणि तसं कळवते. त्यासाठी पेटीला नेटवर्क नसतानाही खरी वेळ माहीत असावी लागते, म्हणून तिच्यात बटणाएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ आलं. पडद्यावरची एक ओळ खरी ठेवायला कार्डावर एक सुटा भाग वाढतो तो असा.

मोटार किती वेळ चालवायची हेही चालू करतानाच पेटीला सांगून टाकायचं. मग मध्ये रेंज गेली तरी वेळ संपल्यावर पेटी स्वतः मोटार बंद करते. याबाबतीत माझं मत पक्कं आहे: ज्या निर्णयावर मोटार जळणं किंवा माणूस दगावणं अवलंबून आहे, तो निर्णय विहिरीवरच्या पेटीत राहायला हवा, दूरच्या सर्व्हरवर नाही.

माणूस दगावणं हे मी उगाच लिहीत नाही. स्टार्टरमध्ये मुंग्या घर करतात, पाली शिरतात, पॉइंट काळे पडतात. शेतकरी किंवा वायरमन पेटी उघडून हात घालतो, आणि त्याच वेळी घरून कुणीतरी बटण दाबू शकतं. हा धोका सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडता येत नाही. म्हणून स्टार्टरवर ‘मॅन्युअल-ऑटो’ अशी फिरवायची कळ असते, आणि ती मॅन्युअलवर असताना आमच्या रिलेची तार खरोखरच तोडलेली असते. प्रोग्रॅममध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी तो काँटॅक्टरपर्यंत पोचूच शकत नाही. कळ फिरवायची राहून गेली तर काय, म्हणून मोटार सुरू होण्याआधी अर्धं मिनिट भोंगा वाजतो. भोंग्याचा कंटाळा येतो, तो काढून द्या अशी मागणी होते. आम्ही काढून देत नाही. आणि मेन स्विच खाली ओढल्याशिवाय पेटीत हात घालू नका, हे आम्ही प्रत्येक शेतावर पुन्हा सांगतो.

दुसरी एक गोष्ट शेजाऱ्यांची. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारे ऑटोस्विच गावोगावी आहेत. लाईट येताच एका डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, प्रत्येक मोटार पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि फ्यूज उडतो किंवा रोहित्रच जळतं. मग सगळ्यांचंच पाणी थांबतं. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. आमच्या पेटीत लाईट आल्यावर किती वेळ थांबायचं हे दर वेळी वेगळं निघतं. प्रोग्रॅम एक यादृच्छिक आकडा काढतो आणि तेवढी मिनिटं वाट बघतो. प्रत्येक पेटी वेगळ्या वेळी उठल्यामुळे डीपीवरचा भार टप्प्याटप्प्यानं चढतो. प्रोग्रॅममधली ही सगळ्यात छोटी ओळ असेल, पण मला तिचा अभिमान वाटतो.

फोनची बाजू वेगळीच. अँड्रॉइडनं २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, पडून राहिलेल्या फोनला गाढ झोपवायला सुरुवात केली, कारण बॅटरी वाचवायची. काही कंपन्यांचे फोन त्याही पुढे जाऊन मागे चालणारी अ‍ॅप बंदच करून टाकतात. रात्री एकची ‘विहिरीचं पाणी संपलं, मोटार बंद केली’ ही सूचना सकाळी सातला दिसली तर तिचा उपयोग काय? म्हणून महत्त्वाच्या गोष्टींसाठी आम्ही सरळ फोन लावतो. रिंग वाजते, उचलला की मराठीत रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकू येतं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी मिस्ड कॉलवर मोटार चालू करायची सोय ठेवली आहे, फक्त नोंदवलेल्या नंबरांपुरती. जिओचं टू-जी नाही, त्यामुळे जुन्या पेट्यांना दुसऱ्या कंपनीचं सिम लागतं, आणि त्या सिमची मुदत संपत आली की आठवण करून देणं हेही आमच्या सॉफ्टवेअरचंच काम झालं आहे. ओल्या हातानं पडद्याला स्पर्श केला की फोन भलतंच काही समजतो, म्हणून मोटार चालू करायला टिचकी पुरत नाही, बटण सरकवावं लागतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सामाईक विहिरींनी. तीन भाऊ, एक विहीर, एक मोटार, वारानुसार पाळी. आम्हा प्रोग्रॅमरांच्या मनात लगेच कुलूप येतं: ज्याची पाळी त्याचंच बटण चालेल, इतरांचं नाही. बांधावर बसून बोलल्यावर चित्र वेगळं निघालं. धाकट्याच्या घरी लग्न असलं की थोरला त्याचं पाणी भरतो. आजारपणात पाळ्या बदलतात. लाईट गेल्यामुळे बुडालेले दोन तास पुढच्या आठवड्यात भरून दिले जातात. या तडजोडी रोजच्या आहेत आणि त्यांचे नियम कुठंही लिहिलेले नाहीत; कुलूप लावलं असतं तर आम्ही नवीन भांडण लावून दिलं असतं. त्यांना हवी होती ती नोंद. मोटार कुणी चालू केली, किती वेळ चालली, लाईट कधी गेली, हे तिघांनाही सारखंच दिसावं आणि कुणालाही खोडता येऊ नये. पाळीचा वार अ‍ॅपमध्ये दिसतो, पण अडवत नाही. भावकीतला वाद सॉफ्टवेअरनं मिटवावा अशी अपेक्षा कुणीच ठेवली नव्हती. कुणी किती तास मोटार चालवली यावरचा संशय तेवढा गेला, आणि तेही पुष्कळ होतं.

१९९१ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टोतल्या संशोधन केंद्रातले मार्क वायझर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मांडलं होतं की संगणक भोवतालात इतके मिसळून जातील की ते आहेत याचं भानही उरणार नाही. स्मार्ट घरांमागेही हीच कल्पना आहे. दिवाणखान्यातल्या दिव्याला ती शोभते. विहिरीवर मात्र यंत्रानं दिसेनासं होऊन चालत नाही. मातीतल्या ओलाव्याचं सेन्सर घ्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, सेन्सर आणि माती यांच्यात फट पडते, आणि शेजारच्या मुळाशी ओल असतानाही आकडा कोरडाठाक येतो. त्या आकड्यावर मोटार आपोआप सोडली तर पाणी वाया, आणि द्राक्षाला नको त्या वेळी पाणी बसणार. म्हणून आमचं अ‍ॅप ओलावा दाखवतं, काल-परवाशी तुलना दाखवतं, आणि निर्णय बागायतदारावर सोडतं. तो मुठीत माती दाबून बघतो, मग बटण सरकवतो. हा क्रम बदलावा असं मला वाटत नाही.

पेटीतला प्रोग्रॅम हवेतूनच बदलता येतो, पण त्याचे नियम कडक आहेत. मोटार चालू असताना बदल नाही. जुना प्रोग्रॅम पुसायचा नाही, शेजारी ठेवायचा. नवा सुरू होऊन सर्व्हरशी बोलला नाही तर पेटीनं आपणहून जुन्यावर परतायचं. आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत नाशिक भागातल्या एकाही पेटीला हात लावायचा नाही, भले सुधारणा कितीही चांगली असो.

आता प्रश्न बदलतो आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, आणि ज्या वाहिन्या सौर झाल्या तिथं दिवसा लाईट मिळू लागली. तिथले शेतकरी मोटारीबद्दल फारसं विचारत नाहीत. त्यांना हवे आहेत ठिबकचे व्हॉल्व्ह, म्हणजे चार प्लॉटना आळीपाळीनं पाणी जाईल. व्हॉल्व्ह विहिरीपासून दूर असतात, तिथं वीज नसते. ते बॅटरीवर चालवायचे, आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या पट्ट्यातून लोरा नावाच्या रेडिओनं पेटीशी जोडायचे. बॅटरी वाचावी म्हणून त्यांची कॉइल एका झटक्यात व्हॉल्व्ह उघडते आणि तो तसाच राहतो, त्यामुळे तो खरंच उघडला की कचऱ्यानं अडकला हे प्रवाह मोजून कळत नाही. सध्या टेबलावर पाण्याचं टाकं, एक छोटा पंप आणि ठिबकची नळी मांडली आहे. प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळं मीटर परवडणारं नाही, म्हणून मुख्य नळीवरच्या एकाच मीटरवरून आणि फिल्टरच्या पुढच्या दाबावरून कुठला प्लॉट चालू आहे ते ओळखता येतं का, ते बघतो आहोत. मोठ्या प्लॉटचं जमतं. सारख्या आकाराचे दोन प्लॉट लागून असले की अजून गफलत होते.