कान्हेरीला निघताना पाणी बरोबर घ्या

बुद्ध पौर्णिमेला आपल्या वस्त्यांमधून कान्हेरीला जाणाऱ्यांची मोठी गर्दी असते. पांढरी साडी, पांढरा सदरा, कडेवर लहान मूल, आणि सात-आठ जणांत मिळून पाण्याची एक बाटली. ही पौर्णिमा येते वैशाखात. त्या दिवसांत मुंबईची हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. वर कान्हेरीचा काळा कातळ तापलेला. म्हणून दर वर्षी कुणाला तरी चक्कर येते, आणि बहुतेक वेळा ती व्यक्ती सकाळपासून उपाशी असलेली आई किंवा आजी असते.

कान्हेरी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे डोंगराळ जंगल. साग, ऐन, काटेसावर, आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी, आणि बिबटे. जंगलात वारली पाडे आहेत. हजारो झोपड्याही होत्या. 1997 च्या हायकोर्टाच्या आदेशानंतर त्यातल्या अनेक हटवल्या गेल्या. त्यामुळे जंगल पाहायला जाणे म्हणजे शौकिनांचे काम, असे आपल्याला वाटत आले. पण या डोंगरावरची शंभराहून अधिक लेणी आपला वारसा आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झाले आणि हजार वर्षे इथे भिक्खुसंघ राहिला.

इतकी माणसे डोंगरावर कशी जगली? बहुतेक लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेले टाके दिसेल. पावसाचे पाणी टाक्यात यावे म्हणून खडकात पन्हळी काढल्या आहेत. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि त्यांचे दान देणारे केवळ राजे नव्हते. कल्याणच्या एका सोनाराने टाके दान दिल्याचा लेख इथेच आहे. मूर्ती पाहताना आपण टाक्यांपाशी थांबत नाही, हे आम्हाला खटकते. मात्र त्यातले पाणी आज पिऊ नये. ते साचलेले असते.

आपले पाणी आपणच न्यावे. मोठ्या माणसाला निदान दोन लिटर. वाटेत लघवीला जागा मिळणार नाही या भीतीने आपल्या बायका पाणीच पीत नाहीत. शौचालय दिसेल तिथे जाऊन यावे, पण पाणी तोडू नये. फार घाम आला, पायांत गोळे आले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे, चमचा चहाचा. कुणी बरळू लागले, अंग चटका बसेल इतके गरम झाले, तर ती साधी चक्कर नाही, उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे ओले करा, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

साखरेच्या आजाराची गोळी घेऊन उपाशी चढू नये. भाकरी खाऊन निघावे, खिशात चणे आणि थोडी साखर ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, काही सुचेनासे झाले तर तीन चमचे साखर लगेच खावी. रक्तदाबाची गोळी त्या दिवशीही चुकवू नये. चढताना छातीत दुखले तर तिथेच बसावे; “एवढे लेणे बघून घेते” म्हणू नये.

माकडांना खायला देऊ नका. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद, तेल, चुना काही लावू नये.

आमचे म्हणणे असे, की पौर्णिमेला जरूर जा, पण सकाळी लवकर चढून दुपारच्या आत खाली या. शिवाय थंडीत एकदा निराळे जा. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याच्या साधनेचे, पाच फायदे सांगितले आहेत. अन्न नीट पचते आणि आजार कमी होतात हे त्यातलेच. उद्यानाच्या गेटपासून लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटर. चालायची सवय नसेल तर जाताना बसने जा, येताना जमेल तेवढे चाला. त्याआधी महिनाभर वस्तीतच रोज अर्धा तास चालावे. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते. सोमवारी उद्यान बंद असते.

गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, म्हणून काठी असू द्यावी. आजीला वरपर्यंत जाणे शक्य नसेल तरी वाईट वाटून घेऊ नये. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह सुरुवातीलाच आहे. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना बुद्धांच्या उंच उभ्या मूर्ती, आत खांबांच्या रांगा आणि स्तूप. आत गारवा असतो. तिथे तिला बसवून त्रिसरण-पंचशील घ्यावे, आणि पाण्याची एक बाटली तिच्याजवळ ठेवून मगच बाकीच्यांनी वर जावे; घरातले एक माणूस मात्र तिच्यापाशी थांबू द्या.