हातास जुळणारा कळफलक

नांगराचे रुमणे मुठीत नीट बसत नसेल तर शेतकरी आपल्या हातास दोष देत नाही. तो सुताराकडून रुमणे तासून घेतो. मोबाईलच्या बाबतीत मात्र उलट घडते. वहीत सहज मराठी लिहिणारा मनुष्य मोबाईलवर ‘किडी’ हा शब्द लिहावयास बसला की अडखळतो आणि ‘आपल्याला हे जमावयाचे नाही’ असे म्हणून यंत्र मुलाच्या हाती देतो. मग त्याच्या पिकाचे दुखणे दुसऱ्याच्या शब्दांत जाते व नेमकी लक्षणे सांगावयाची राहून जातात.

हा दोष माणसाचा नव्हे. कागदावर पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे असते, उच्चारात मात्र ‘क’ आधी व ‘इ’ नंतर येते. जुन्या टंकयंत्रावर वेलांटी आधी उमटवावी लागे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर याउलट प्रथम व्यंजन व नंतर मात्रा दाबावी लागते. डोळ्याच्या सवयीने वेलांटी आधी दाबली तर ती ठिपक्यांच्या वर्तुळास चिकटून एकटीच उभी राहते. या कळफलकावर स्वर डाव्या हातास व व्यंजने उजव्या हातास आहेत. दहा बोटांनी टंकलेखन करणाऱ्यास ही मांडणी सोयीची असली, तरी एका बोटाने अक्षर शोधणारा नवशिका तीत गोंधळतो.

माणूस यंत्र कसे वापरतो याचा अभ्यास करणारे एक स्वतंत्र शास्त्र आज विकसित झाले आहे. त्यात सामान्य माणसांकडून प्रत्यक्ष काम करवून घेऊन वेग व चुका मोजतात आणि त्यानुसार यंत्राची रचना सुधारतात. पवई येथील आय. आय. टी.च्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनी याच दृष्टीने भारतीय लिप्यांचा अभ्यास केला. हे केंद्र १९६९ साली स्थापन झाले. ‘स्वरचक्र’ हा मोबाईलवरील कळफलक तेथेच तयार झाला व २०१३ साली सर्वांसाठी खुला करण्यात आला.

त्याची रीत सोपी आहे. व्यंजने शाळेत शिकलेल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. ‘क’वर बोट टेकविताच भोवती चक्र उमटते व त्यात का, कि, की, कु अशी तयार अक्षरे दिसतात. बोट न उचलता ‘कि’कडे सरकवावे व मग उचलावे. वेलांटी आधी की व्यंजन आधी, हा प्रश्नच उरत नाही. जोडाक्षरासाठी चक्रातील ‘क्’ निवडला की पुढील कळांवर होणारी जोडाक्षरे आधीच दिसू लागतात.

यातून शेतकरी बंधूंनी घ्यावयाचा बोध असा : यंत्रावर काम अडले तर संकोच न करता कोणत्या पायरीवर अडले, काय दाबले व पडद्यावर काय दिसले, हे कृषी कर्मचाऱ्यास नेमके सांगावे. रुमणे कोठे रुतते हे सांगितल्याखेरीज सुतारास ते तासता येत नाही.