आठवणींचे जंक्शन

माझ्या आईला सकाळी कोण येऊन गेले ते दुपारी आठवत नाही. मात्र कापूस हाती दिला की ती फुलवाती बिनचूक वळते. विसरणे असे निवडक कसे, या प्रश्नापायी मी मेंदूविषयी वाचू लागलो.

सगळ्यात उजेड पाडला तो हेन्री मोलेसन यांच्या हकिकतीने. १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे, अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून २७ वर्षांच्या मोलेसन यांच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा अंश व लगतचा भाग काढण्यात आला. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली, बालपणही आठवत होते. पण नवा प्रसंग मनात टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर वर्षानुवर्षे त्यांना भेटत, आणि दर वेळी ओळख पहिल्यापासून! मिल्नरबाईंनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत हात बसला. हे आपण काल केले होते, याचा मात्र पत्ता नाही.

हाताचे कसब मुरते ते बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांच्या जाळ्यात. प्रसंगांचे तसे नाही. लग्नाची पंगत आठवताना रूप, आवाज, वास मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत जागे होतात. त्यांची मोट बांधतो हिप्पोकॅम्पस. तो कोठार कमी, जंक्शन अधिक.

२००१ साली मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या ‘डिफॉल्ट मोड’ची कल्पना मांडली; त्यातूनच पुढे ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ हे नाव रूढ झाले. माणूस स्वस्थ बसलेला असताना हे जाळे अधिक जागे असते. (रिकामे डोके रिकामे नसतेच तर!) भूतकाळ आठवणे आणि पुढचे कल्पिणे, दोन्ही कामांत बरेचसे हेच भाग गुंततात. डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर प्रभृतींनी २००७ साली हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना, आपण समुद्रकिनाऱ्यावर पहुडलो आहोत अशी कल्पना करायला सांगितले. बहुतेकांना सुटे तुकडे सुचले. सलग देखावा जमेना.

हे वाचून मी थबकलो. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसचा परिसर लवकर झिजतो, आणि डिफॉल्ट जाळ्याच्या भागांत अमायलॉइड प्रथिन साचते. म्हणजे आईचा कालच नव्हे, उद्याही विरत होता. ‘दिवाळीला काय करायचं?’ असे ती हल्ली विचारत नाही, तो मला रुसवा वाटे.

यंदा मी तिला काही विचारलेच नाही. करंज्यांची पोळी लाटून, सारण आणि कातणे तिच्यापुढे ठेवले.